एकटाच क्रेफिश, तरी टाकीत पुन्हा पुन्हा पिल्लं

लक्षण असं. टाकीत क्रेफिश एकच. जोडीदार कधी आणलेला नाही. एके दिवशी तो शेपूट पोटाशी दुमडून कोपऱ्यात बसतो, खाणं कमी करतो. टॉर्च मारून बघावं तर पोटाखाली काळपट मण्यांचा घोस. तीनेक आठवड्यांनी स्पंजवर, काचेवर, झाडांच्या मुळांत तांदळाच्या कणीएवढी पिल्लं दिसू लागतात. तुम्ही ती गाळणीने गोळा करून कुणाला तरी देता आणि सुटलो म्हणता. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

माझ्याकडे भांडुपला हे दीड वर्षात चार वेळा झालं. पहिल्या तीन वेळा मी पिल्लं कमी करत बसलो. ती कमी करून काही होत नाही, हे कळायला मला एवढा वेळ लागला.

आधी नावाचा घोळ मिटवू. भाच्याने सुट्टीत हा प्राणी आणला तेव्हा दुकानदाराने त्याला 'मार्बल लॉबस्टर' म्हणून विकला होता. लॉबस्टर म्हणजे आपली शेवंड. ती समुद्रात राहते आणि तिला खेकड्यासारखे मोठे नांगे नसतात. क्रेफिश गोड्या पाण्यातला, नांगेवाला. मराठीत जवळा, करंदी, कोळंबी, शेवंड, चिंबोरी, मुठे असे कवचवाल्या एकेका प्राण्याला शब्द आहेत, पण क्रेफिशला शब्द नाही. कारण साधं आहे, तो इथला नाहीच. जगात क्रेफिशच्या साडेसहाशेहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि ऑस्ट्रेलियात. मादागास्करमध्ये आहेत, युरोपात आहेत, पण भारतीय उपखंडात मूळची एकही नाही. म्हणजे मुंबईतल्या कुठल्याही टाकीतला कुठलाही क्रेफिश परदेशी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तपासणी. घाईने निष्कर्ष काढू नका, कारण अशाच दिसणाऱ्या दोन गोष्टी निरुपद्रवी आहेत.

पहिली म्हणजे कात. सकाळी उठून बघता तर एकाचे दोन झालेले, आणि त्यातला एक निपचित. आमच्या घरी पहिल्यांदा हे झालं तेव्हा भाच्याने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तो मेलेला क्रेफिश नसतो, टाकलेलं कवच असतं. डोळ्यांवरच्या आवरणापासून मिशांच्या टोकापर्यंत सगळं जसंच्या तसं सुटून येतं. काडीने हलवलं तर हलकं, पोकळ लागतं. ते काढून फेकू नका. क्रेफिश ते खातो, त्यातलं कॅल्शियम परत अंगात घेतो. शिवाय कात टाकण्याआधी तो कवचातलं थोडं कॅल्शियम काढून जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या गोट्यांच्या रूपात साठवून ठेवतो. नवं कवच घट्ट करायला ते पहिल्यांदा वापरलं जातं. जुन्या काळी युरोपातले वैद्य याच गोट्या 'खेकड्याचे डोळे' म्हणून औषधाला विकत. डोळ्यांशी त्यांचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट जरा फसवी. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच क्रेफिशांच्या मादीला पायांच्या मधोमध, पोटाच्या बाजूला, एक छोटी पिशवीवजा खोबण असते. नराशी संग झाल्यावर शुक्राणू तिथे साठवले जातात आणि मादी सवडीने, काही महिन्यांनीही, त्यांवर अंडी फळवते. म्हणजे दुकानातल्या टबात नराबरोबर राहिलेली मादी तुमच्या घरी येऊन एकटीच पिल्लं देऊ शकते. त्यात चमत्कार काही नाही. पण ही खोबण कवचाचाच भाग आहे. मादीने कात टाकली की साठवलेले शुक्राणू कवचाबरोबर जातात.

म्हणून खरी परीक्षा ही: एकट्या मादीने तुमच्याकडे कात टाकली का, आणि त्यानंतर घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघाली का? तारीख लिहून ठेवा. मी कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाडाखोडीशेजारी, 'कात' आणि 'अंडी' असं लिहायला लागलो. इतर जातींची एकटी मादीही कधी कधी अंडी घालते, पण ती फळलेली नसल्याने काही दिवसांत नारिंगी-पांढरी पडतात, त्यांवर बुरशी चढते आणि ती गळून जातात. अंडी दिवसेंदिवस गडद होत गेली, पुढे त्यांत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसले आणि मादीने कात टाकून महिना उलटलेला असेल, तर उत्तर मिळालं.

खात्री हवी असेल तर पिल्लं इंचभराची झाल्यावर उलटी करून बघा. नराच्या पोटाखालच्या छोट्या पायांच्या पहिल्या दोन जोड्या कडक, पुढे वळलेल्या काड्यांसारख्या असतात. मादीला तशा नसतात. मी बशीत पाणी घेऊन, चष्मा लावून सव्वीस पिल्लं तपासली. सव्वीसच्या सव्वीस माद्या. रंगावरून मात्र ठरवू नका. पाणी, खाणं आणि वय यांनी रंग बदलतो, आणि दुकानातली नावं तर रंगावरूनच ठेवलेली असतात.

सगळ्या माद्या निघाल्या तर तुमच्याकडे मार्बल क्रेफिश आहे. याची गोष्ट सांगितल्याशिवाय उपाय पटणार नाही, म्हणून थोडं थांबतो.

१९९५ च्या सुमारास जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत हा प्राणी पहिल्यांदा दिसला. नर कुणालाच सापडेना, पिल्लं मात्र थांबेनात. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की याच्या माद्या नराशिवायच प्रजनन करतात. दहा पायांच्या या कवचधारी प्राण्यांत असं दुसरं उदाहरण तोवर माहीत नव्हतं. याचा पूर्वज फ्लोरिडा आणि दक्षिण जॉर्जियातल्या दलदलीतला एक साधा क्रेफिश. त्याच्यात गुणसूत्रांचे दोन संच असतात, जसे तुमच्या-माझ्यात. मार्बलमध्ये तीन आहेत, एकूण २७६ गुणसूत्रं. कुठल्यातरी एका मादीत हा घोटाळा झाला आणि पुढची सगळी प्रजा तिच्या नकला. २०१७ मध्ये त्याला स्वतंत्र जात मानलं गेलं. २०१८ मध्ये त्याची सगळी जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा जर्मनीतले आणि मादागास्करमधले मार्बल जनुकांनी जवळजवळ एकच प्राणी असल्याचं दिसलं.

मादागास्करमध्ये तो कसा पोचला ते नीट कुणाला सांगता येत नाही. पण २००७ ते २०१७ या दहा वर्षांत तिथलं त्याचं क्षेत्र साधारण शंभरपट वाढलं. भातखाचरांत, ओढ्यांत, तळ्यांत तो आहे. बाजारात बादल्या भरभरून जिवंत विकला जातो, आणि विकताना, नेताना सांडलेला एखादा पुढच्या गावात वसतो. त्याला जोडीदार शोधायचा नसतो ना. त्या बेटावर क्रेफिशच्या स्वतःच्या सात जाती आहेत, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या. हळू वाढणाऱ्या, उशिरा वयात येणाऱ्या. अशांच्या शेजारी पाच-सहा महिन्यांत वयात येऊन वर्षातून अनेकदा अंडी घालणारा भाडेकरू आला, तर खोली कुणाची राहणार?

आता माझ्या तीन फसलेल्या उपायांकडे येतो.

पहिल्या खेपेला मी पिल्लं वाटली. सोसायटीत चार, ऑफिसात सहा, उरलेली दुकानात परत. दुकानदार खूश, फुकट माल. तिसऱ्या महिन्यात ऑफिसातल्या एकाचा फोन, 'अरे, तुझ्या त्या लॉबस्टरने माझ्याकडे पिल्लं घातली.' म्हणजे मी प्रश्न सोडवला नव्हता, त्याच्या फांद्या लावल्या होत्या. ज्यांना दिली त्यांच्याकडून जेवढी जमली तेवढी परत मागून आणली. संबंध थोडे ताणले गेले.

दुसऱ्या खेपेला सगळी संपवली, पण भाच्यासाठी एक ठेवली. एकच ना! इथे गणित कळलं. दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात एक ठेवणं म्हणजे थांबवणं. इथे एक ठेवणं म्हणजे सगळं पुन्हा चालू करणं. चाळीसातली एकोणचाळीस काढली काय आणि दहा काढली काय, सारखंच.

तिसऱ्या खेपेला टाकी रिकामी केली, खडे धुतले, आणि तिच्यातला स्पंज फिल्टर पाण्यात हलवून सरळ गप्पींच्या टाकीत लावला, कारण त्यातले उपयोगी जिवाणू मरू नयेत असं आपण सगळेच शिकलेलो असतो. स्पंजच्या भोकात एक पिल्लू होतं. शिवाय त्याच आठवड्यात एक मोठी मादी रात्री हवेच्या नळीवरून चढून बाहेर पडली आणि सकाळी न्हाणीघरात, मोरीच्या जाळीपाशी सापडली. आईने तिच्यावर तांब्या उपडा घालून मला हाक मारली. क्रेफिश ओलाव्यात पाण्याबाहेर बराच काळ तगतो. ती जाळी सुटी असती तर पुढचं मला बघायलाही मिळालं नसतं.

आईच तेव्हा म्हणाली, 'मारतोस कशाला, पवईच्या तलावात सोड. जीव जगेल, पुण्य लागेल.' आपल्याकडे हे सगळ्यांच्याच तोंडी येतं. वाळकेश्वरच्या बाणगंगेपासून गावातल्या पुष्करणीपर्यंत कासव, मासे सोडणारे लोक वाईट नसतात. पण या एका प्राण्याच्या बाबतीत हे करू नका, अगदी हात जोडून सांगतो. पवईचं जास्तीचं पाणी पावसाळ्यात वाहून मिठीत जातं. विहारचंही जातं. राष्ट्रीय उद्यानातले ओढे, आरेतले नाले सगळे पावसाळ्यात एकमेकांशी बोलायला लागतात. 'मुंबईच्या उन्हात तो टिकणार नाही' असं मला एकाने सांगितलं. मार्बलला ३० अंशांच्या वरचं पाणी मानवत नाही, हे खरं आहे. पण तलाव म्हणजे दोन फुटी टाकी नव्हे, खाली गारवा असतो, आणि एकच जगायची गरज असते. दुकानांत मिळणारा रेडक्लॉ नावाचा दुसरा क्रेफिश तर उत्तर ऑस्ट्रेलियातला आहे. त्याला आपला उन्हाळा घरचाच.

क्रेफिश नुसता राहत नाही, तो घर बदलून टाकतो. पाणवनस्पती कापतो, गोगलगायी, अंडी, बेडकांची पिल्लं खातो, काठात बिळं पाडतो. लाल दलदली क्रेफिश १९७० मध्ये केनियातल्या नैवाशा सरोवरात मुद्दाम सोडला गेला. पुढे तिथली पाण्यातली झाडं सपाट झाली. कर्जत-पेणच्या भातखाचरांत हा उतरला आणि बांध पोखरू लागला, तर शेतकऱ्याला काय सांगणार? भाच्याच्या सुट्टीतलं खेळणं होतं म्हणून?

आणि रोग. उत्तर अमेरिकेतले क्रेफिश एक बुरशीसारखा पाणजीव अंगावर वागवतात. त्यांच्या कवचात तो अडकून राहतो, त्यांना फारसं काही होत नाही. १८६० च्या आसपास तो इटलीत पोचला आणि तिथून युरोपभर नद्याच्या नद्या क्रेफिशशिवाय झाल्या. युरोपातले मूळचे क्रेफिश या रोगाने काही आठवड्यांत मरतात. १९०७ मध्ये तो स्वीडनला पोचला. पुढे १९६० मध्ये स्वीडनने तोटा भरून काढायला अमेरिकेतून सिग्नल क्रेफिश आणले. ते या रोगाला पुरून उरतात म्हणून! म्हणजे रोगाचा वाहकच पाहुणा म्हणून घरात घेतला. ब्रिटनमध्ये पांढऱ्या नांग्यांचा मूळ क्रेफिश आज सिग्नलमुळे आणि या साथीमुळे आडबाजूच्या ओढ्यांत ढकलला गेलाय. मार्बल क्रेफिशही याचा वाहक असू शकतो.

आपल्याकडे मूळचा क्रेफिशच नाही, मग मरणार कोण, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर खेकड्यांपाशी येऊन थांबतं. तुर्कस्तानातल्या एका सरोवरात गोड्या पाण्याच्या खेकड्यांनाही या जीवाची लागण झालेली सापडली आहे. सह्याद्रीत गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या कितीतरी जाती आहेत, घाटियाना नावाच्या गटातल्या काही तर एखाद्या डोंगरापुरत्याच. यांची अंडी समुद्रात वाहून जात नाहीत, आईच्या पोटाखालूनच इवले खेकडे बाहेर पडतात, म्हणून ते लांब पसरत नाहीत. एका ओढ्यातून गेले की गेले. आपल्या खेकड्यांना ही साथ होईलच असं मी म्हणत नाही. पण पहिल्या पावसानंतर मुठे पकडायला जाणाऱ्यांनी हा प्रयोग करून बघावा असं मला वाटत नाही. उजनी धरणात बाहेरून आलेल्या चिलापी माशाने काय केलं ते भिगवणच्या जुन्या मच्छीमारांना विचारा. आफ्रिकन मांगूर माशावर २००० मध्ये बंदी आली, तरी तो अजून सापडतोच.

तर उपाय. लक्ष्य एकच: शून्य.

अंडी असतानाच गाठा, हे सगळ्यांत कमी त्रासाचं. मादीला पाठीकडून, नांग्यांच्या मागे धरा, शेपूट हलकेच उलगडा आणि मऊ टूथब्रशने अंडी एका वाटीत झाडून घ्या. पहिल्या काही दिवसांत केलं तर आत अजून काही घडलेलं नसतं. अंडी कागदात गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये. मादीला काही होत नाही, पण दोनेक महिन्यांनी ती पुन्हा घालेल, तेव्हा हा तात्पुरता इलाज.

पिल्लं निघालीच असतील तर मोठा मासा असलेल्या बंद टाकीत घाला. निसर्गातही बहुतेकांचं तेच होतं. मोठ्या क्रेफिशांसाठी मी असं केलं: डब्यात बर्फाचा चुरा, त्यावर प्राणी, अर्धा तास. स्पर्शाला, उलटं करण्याला काहीच प्रतिसाद नाही याची खात्री झाल्यावर तो डबा फ्रीजरमध्ये, दोन दिवस. मग कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात. आनंदाचं काम नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यात या वर्गातल्या प्राण्यांना वेदना जाणवतात हे मान्य केलंय, तेव्हा उकळतं पाणी, मीठ, संडासात फ्लश यांतलं काहीही करू नका. गोगलगायी मारायची, तांबं असलेली औषधंही नकोत. क्रेफिश त्याने तडफडून मरतो आणि टाकी पुढे कोळंबीलाही निकामी होते.

मग सामान. खडे, झाडं, स्पंज, जाळी, नळ्या यांतलं काही दुसऱ्या टाकीत हलवायचं नाही. स्पंज उकळा, जिवाणू गेले तर जाऊ द्यात, महिन्यात परत येतात. खडे गच्चीवर कडक उन्हात आठवडाभर. जून ते सप्टेंबरात मुंबईत गंजीफ्रॉक वाळत नाही तिथे खडे काय वाळणार, त्या दिवसांत सरळ उकळून घ्या. झाडं टाकून द्या, पण नाल्यात नाही. पाणी जुन्या सुती साडीतून गाळून घरातल्या मोरीत किंवा कुंड्यांत ओता. इमारतीच्या मागची पावसाळी गटारं आपल्याकडे कुठल्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि खाडीत जातात, तिकडे नको.

मूळ मादी मारवत नसेल, आणि मला ती मारवली नाही, तर ती ठेवायच्या अटी आहेत. खडे नसलेली, रिकाम्या तळाची टाकी. वर वजन ठेवलेली जाळी, नळीच्या फटीत स्पंज. लपायला एकच पाइपचा तुकडा. दर रविवारी तिला उचलून पोट बघायचं, अंडी दिसली की ब्रश. एकही रविवार चुकवायचा नाही, गणपतीला गावी गेलात तरी. मी शेजाऱ्याला शिकवून गेलो होतो. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात ६२-अ हे कलम आलं. त्यानुसार केंद्र सरकार परदेशी आक्रमक जातींची आयात, विक्री आणि बाळगणं यांवरही नियम किंवा बंदी आणू शकतं. युरोपीय संघाने तर मार्बल क्रेफिश २०१६ च्या पहिल्याच यादीत टाकला होता. तेव्हा उद्या नियम बदलले तर ही ठेवण्याची सोय राहीलच असं धरून चालू नका.

माझी मादी शेवटी कात टाकताना अडकून गेली. नांगे जुन्या कवचातून सुटलेच नाहीत. मुंबई महापालिकेचं पाणी भातसा-तानसा-वैतरण्याकडून येतं, बरंच मऊ असतं, त्यात कॅल्शियम कमी. अशा पाण्यात क्रेफिश ठेवायचा तर शिंपल्यांचा चुरा किंवा कटलफिशचं हाड टाकीत ठेवावं लागतं. ते मी त्या महिन्यात बदलायला विसरलो होतो.

त्यानंतरची शेवटची तपासणी गप्पींच्या टाकीची, कारण तिथे एक पिल्लू गेलेलं होतं. ते मी पकडलं होतं, पण एकच होतं का? रात्री दिवे घालवून काकडीची पातळ चकती तळाशी ठेवायची आणि दोन तासांनी लाल कागद लावलेला टॉर्च मारून बघायचं. क्रेफिश रात्रीचा प्राणी, काकडीवर येतोच. कडेला कुरतडल्याचे चावे दिसले आणि टाकीत गोगलगायी नसतील, तर कोणीतरी आहे. मी दोन महिने हे केलं, आठवड्यातून दोनदा. काकडी दर वेळी सकाळी जशीच्या तशी, थोडी पिवळी पडलेली, आणि तिच्याभोवती गप्पी.